खोली

नोंदवही मी मराठीत ठेवते,
विद्यापीठाला लागतं ते इंग्रजीत नंतर जातंच.
रकाने आखलेत: इमारत. तारीख. खोली.
मोजपट्टी भिंतीला लावायची,
मातकट रेघेपाशी बोट धरायचं,
आकडा घ्यायचा.

शारजातली ही गल्ली. मागे टायरांची गोदामं,
पुढे कोयाची लाँड्री.
रेघेवर त्यानं कॅलेंडर टांगलंय.
"उचलू का?" मी विचारते.
तो आधी इस्त्री उभी करतो,
मग स्वतःच कॅलेंडर उचलतो, तोंड फिरवून,
डॉक्टरला पाठ दाखवावी तसा.
ब्याऐंशी सेंटिमीटर.
टायरवाल्याकडे ऐंशी, सलूनमध्ये त्र्याऐंशी.
गल्ली एकमताची आहे.

पाऊस दीड दिवस, पाणी अकरा दिवस.
जायला उतार नाही,
मुरायला जागा नाही. खाली सबखा,
हातभर खणलं की खारं पाणी
आधीच पाय पसरून बसलेलं.
आणि गटारं? वर्षाला चार बोटं पाऊस पडणाऱ्या गावाला
गटारांची स्वप्नं पडत नाहीत.

मग टँकर आले.
आमच्या औशाकडे टँकर भरून यायचा.
हंड्यांच्या गळ्यावर ऑइलपेंटनं आडनावं,
माझा एक दुधाचा दात त्या रांगेत पडला,
आपोआप नव्हे.
इथे टँकर रिकामा येतो,
सोंडेनं रस्ता पितो, भरला की निघून जातो,
आणि रांगेत इमारती.
गुलजमान ड्रायव्हर सांगतो, तेव्हा रोज चौदा फेऱ्या.
"ओतायचास कुठे?"
तो वाळूच्या दिशेनं हनुवटी उडवतो:
"जिथे कुणी हे विचारत नाही, तिथे."
याला माझ्याकडे रकाना नाही.

एक आकडा मात्र बसेना.
सातवी इमारत: एकशे एकतीस.
मॉडेल म्हणालं, अशक्य.
हुदा मॅडम म्हणाल्या, पट्टी उलटी धरली असशील, काढून टाक.
काढला.
आलेख लगेच शहाण्या मुलासारखा हाताची घडी घालून बसला.
मला त्याचं ते बसणं आवडलं नाही.

शुक्रवारी परत गेले.
वॉचमन मोताहेर, सुनामगंजचा,
चाव्यांचा जुडगा घेऊन पुढे, मी मागे.
जिन्याखाली दार. दारातून आत उतरायचं.
एक खाट, एक शेगडी, छताला टेकलेली जाळी,
जाळीतून रस्त्यावरच्या चपला दिसतात.
रेघ त्याच्या छातीला लागत होती.
पायऱ्या तीन. मोजल्या. एकोणपन्नास.
ब्याऐंशी अधिक एकोणपन्नास.
पट्टी सरळच होती माझी.

आमच्या नकाशात जमीन आहे,
पाच-पाच मीटरचे चौकोन, प्रत्येकात एक उंची.
त्यातल्या एकात कुणी तीन पायऱ्या उतरून झोपतं
हे उपग्रहाला दिसत नाही.
इमारतीच्या कागदांत इथे पंप राहतो.

चौदावा प्रश्न: पाणी किती दिवस होतं?
"मांजर टाकीवरून खाली उतरलं, तोवर."
दिवस सांगा, मी म्हटलं.
त्यानं बोटांच्या पेरांवर कापलेला पगार मोजला.
"एकोणीस."
त्याच्या गावी म्हणे सहा-सहा महिने पाणी असतं,
पण ते सांगून येतं,
आणि रिकाम्या हातानं येत नाही, मासे आणतं.
चहा केला त्यानं, बाटलीतल्या पाण्याचा.
बसायला खाट दिली, स्वतः पायरीवर बसला,
मधल्या, दुसऱ्या.
सोळा सेंटिमीटर वर, तेहतीस खाली,
मी मनात मोजलं. सवय.

रात्री आकडा परत घातला.
आलेखाला एकच काटा फुटला, उंच, ओबडधोबड.
रकान्याचं नाव तेच ठेवलंय: खोली.
इंग्रजीत नेताना दोन शब्द लागतील,
आणि हुदा मॅडम विचारतील,
यातला नेमका कुठला.